समोर वर्ग नसलेले मास्तर

शाळेतल्या एखाद्या सरांचा किंवा बाईंचा आवाज तुम्हाला अजून आठवतो का? चेहरा राहू दे, आवाज. हजेरी घेताना तुमच्या नावाआधी ते जरासे थांबायचे, ते थांबणं. फळ्याकडे तोंड करून लिहितानाही 'मागच्या बाकावर काय चाललंय?' म्हणून विचारणं. कविता म्हणताना एकाच ओळीवर दरवेळी हळू होणं.

मला वाटतं, आपल्या प्रत्येकाच्या कानात असे एक तरी मास्तर राहतात. माझ्या कानात राहणारे मास्तर मला कधी भेटलेच नाहीत. १२ जून २००० रोजी ते पुण्यात गेले आणि माझा जन्म त्यानंतरचा. त्यांचं नाव पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. म्हणजे आपले पु. ल.

पु. ल. म्हटलं की कोणाला 'व्यक्ती आणि वल्ली' आठवतं, कोणाला 'बटाट्याची चाळ', कोणाला त्यांची पेटी. मला आज त्यांच्या नोकऱ्यांबद्दल बोलायचंय. होय, नोकऱ्यांबद्दल! आधी ते शिक्षक होते. मग आकाशवाणीत गेले. आणि भारतात टीव्ही आला तेव्हा तो सुरू करणाऱ्या पहिल्या काही माणसांत होते. कागदावर या तीन वेगवेगळ्या नोकऱ्या दिसतात. मला मात्र त्या एकच वाटतात, आणि हे माझ्या लक्षात आलं ते तमिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये, आजीच्या शेजारी बसून.

आमची कानावरची मराठी

कुंभकोणम म्हटलं की लोकांना इथली डिग्री कॉफी आठवते, पितळेची भांडी आठवतात, विड्याची पानं आठवतात, नाहीतर बारा वर्षांनी येणारा महामहम. या गावात मराठी बोलणारी घरं आहेत, हे सांगितलं की समोरचा जरा थबकतो. त्यात नवल काही नाही. तंजावर इथून चाळीसेक किलोमीटरवर आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तिथे मराठी राज्य उभं केलं. १८५५ मध्ये ते खालसा झालं, पण त्या राज्याबरोबर आलेली माणसं इथेच राहिली. आमचं घर त्यांच्यापैकीच एक.

आमच्याकडे घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि शाळेत इंग्रजी. मराठी शाळा नाही, मराठी वर्तमानपत्र नाही, मराठी दुकानाची पाटीही नाही. आमची मराठी पिढ्यान्‌पिढ्या फक्त कानावरून चालत आली आहे. तिच्यात जुने शब्द आहेत, तमिळ शब्द आहेत आणि चाल तर पूर्ण कावेरीकाठची. तुमच्याकडचं उडदाचं डांगर आमच्याकडे डांगर पच्चडी झालं, तसंच काहीसं भाषेचंही झालं.

माझ्या आजीला देवनागरी वाचता येत नाही. ती वाण्याची यादी मराठीत करते, पण लिहिते तमिळ अक्षरांत. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. त्यामुळे आजीची यादी नुसती डोळ्यांनी वाचता येत नाही, ती मोठ्याने म्हणावी लागते. कानाला पटलं की समजायचं हा शब्द 'गूळ' आहे. आमची अख्खी भाषा तशीच आहे. मोठ्याने म्हटली तर आहे, गप्प राहिलं तर नाही.

मी देवनागरी शिकले ती हिंदीच्या परीक्षांसाठी. पुस्तकी मराठी मात्र मी शिकले पु. लं.च्या आवाजातून. पुण्याच्या मावशीने त्यांच्या कथाकथनाच्या ध्वनिफिती फोनवर पाठवल्या होत्या. कॉलेजला जाता-येता बसमध्ये मी त्या ऐकायची. आधी अर्धे शब्द कळायचे नाहीत. मग एकेक शब्द कळायला लागला, आणि पुढे पुढे बसमध्ये एकटीच हसायला लागले. शेजारच्या बायका माझ्याकडे कशा बघायच्या ते सांगत नाही.

एका संध्याकाळी आजी तिण्णैवर, म्हणजे आपल्या ओसरीवर, वाती वळत बसली होती. मी फोन तिच्याजवळ ठेवला. पहिली पाच मिनिटं ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली, फार भरभर बोलतात. मग मी 'रावसाहेब' लावलं. बेळगावचे रावसाहेब, नाटकाचे आणि गाण्याचे वेडे, तोंडात शिव्या आणि मराठीत कानडीचा हेल. आजीचे हात थांबले. ती हसली, परत हसली, आणि म्हणाली, "हे तर आपल्यासारखंच बोलतात की!"

थोड्या वेळाने तिने आणखी एक विचारलं. "सांगणारे मास्तर होते काय गं?"

मी म्हटलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, अवघड काही आलं की ते थांबतात. मागे बसलेल्यांना कळलं की नाही ते बघतात, मग पुढे जातात. तिचे वडील शाळामास्तर होते. तिला ते थांबणं ओळखीचं होतं.

वर्गातले देशपांडे

आजीचा अंदाज बरोबर होता.

पु. लं.चा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईतल्या गावदेवीचा. लहानपण जोगेश्वरीत आणि पार्ल्यात गेलं. पार्ले टिळक विद्यालय ही त्यांची शाळा. वडील लवकर गेले, आणि मग शिकता शिकता कमावणंही आलं. पेटी वाजवणं आलं, शिकवण्या आल्या, लहानमोठ्या नोकऱ्या आल्या. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून बी.ए. आणि सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजातून एम.ए. असं शिक्षण झालं.

चाळीसच्या दशकात ते मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिक्षक होते. सुनीताबाईही तिथेच शिकवत होत्या. १२ जून १९४६ रोजी दोघांचं लग्न झालं. पुढे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात पु. ल. प्राध्यापक झाले. मधल्या वर्षांत सिनेमाही चालू होता. आपण सगळ्यांनी बालवाडीत ज्या गाण्यावर हातवारे केले ते 'नाच रे मोरा' १९५३ च्या 'देवबाप्पा'मधलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, आवाज आशा भोसल्यांचा आणि संगीत पु. लं.चं. लहान मुलाला कोणती चाल एका ऐकण्यात पाठ होईल, हे वर्गात उभं राहिलेल्या माणसाला माहीत असणारच.

शिक्षकाची नोकरी माणसाला काय शिकवते? माझ्या मते, मागचा बाक बघायला शिकवते. पहिल्या बाकावरची हुशार मुलं काहीही सांगितलं तरी समजून घेतात. खरा कस लागतो तो शेवटच्या बाकावर. तिथे पोचायचं तर आवाज चढवून भागत नाही. उदाहरण त्या मुलाच्या घरातलं द्यावं लागतं.

आणि शिक्षक ऐकतोही फार. चाळीस मुलं, चाळीस तऱ्हेची बोली. कोकणातलं पोर वेगळं बोलतं, देशावरचं वेगळं. बहुतेक मास्तर त्यांना दुरुस्त करतात. पु. लं.नी ते सगळं कानात साठवलं असणार असं मला वाटतं, कारण पुढे त्यांच्या लेखणीतून जी माणसं उतरली ती प्रत्येक जण आपापल्या मराठीत बोलतात. रत्नागिरीचा अंतू बर्वा, बेळगावचे रावसाहेब. बेळगावात नोकरी मिळाली नसती, तर रावसाहेब तरी त्यांना भेटले असते का, आणि त्यांच्यामार्फत माझ्या आजीला?

रेडिओ: न दिसणारा वर्ग

रेडिओशी पु. लं.ची ओळख तशी जुनी. कॉलेजवयात, १९३७ पासूनच, ते नभोवाणीवरच्या नाटिकांत काम करत होते. पण १९५५ मध्ये ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रात नोकरीलाच गेले. त्या वेळचं पुणे केंद्र डोळ्यांसमोर आणा. २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेलं, जेमतेम दोन वर्षांचं केंद्र. त्याच १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, तिथून 'गीतरामायण' सुरू झालं आणि ५६ गाणी वर्षभर घराघरांत वाजत राहिली. ग्रामीण श्रोत्यांसाठी व्यंकटेश माडगूळकर तिथे होते. लेखक, गायक, वादक असे सगळे एका इमारतीत, आणि ऐकणारे मात्र कोणालाच दिसत नाहीत.

हीच तर रेडिओची गंमत आणि हीच अडचण. वर्गात मुलगा जांभई देतो, मास्तरांना कळतं. रेडिओवर कोण जांभई देतंय ते कळायला काही मार्ग नाही. फळा नाही, खडू नाही, हातवारे नाहीत. एकदा निघालेला शब्द परत बोलावता येत नाही. वाचणारा माणूस मान वळवून मागची ओळ पुन्हा वाचू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही.

म्हणून रेडिओसाठी लिहायची पद्धत वेगळी असते. वाक्य एका श्वासात मावलं पाहिजे. 'वरील', 'खालील', 'पूर्वोक्त' असले शब्द चालत नाहीत, कारण हवेत वर काय आणि खाली काय? माणसाचं नाव पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, नाहीतर 'तो' म्हणजे कोण हे ऐकणारा विसरतो. मोठा आकडा आला तर त्याच्या जोडीला ओळखीचं काहीतरी द्यावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोलायचं ते 'श्रोतेहो' असं हजारोंना उद्देशून असलं, तरी मनात एकच माणूस धरायचा. स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता ऐकणारी बाई, नाहीतर अंथरुणावर पडून ऐकणारे आजोबा.

मी कंटेंट रायटर आहे. फोनवर वाचणाऱ्यांसाठी लिहिते. तुम्ही हे बसमध्ये वाचताय की रांगेत उभं राहून, मला दिसत नाही. कुकरची शिट्टी झाली की तुम्ही फोन खाली ठेवणार, हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे रेडिओचे हे जुने नियम मला आजही रोज उपयोगी पडतात. पु. लं.ची आकाशवाणीवरची भाषणं आणि श्रुतिका आज पुस्तकरूपात मिळतात. कधी हाती आल्या तर एक करून बघा. मनात न वाचता मोठ्याने वाचा. श्वास बरोबर जिथे संपतो तिथेच वाक्यही संपतं.

शिक्षकाचा असा निवेदक होणं हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. आयर्लंडमध्ये मीहॉल ओ मुरिहर्ती नावाचे एक क्रीडा समालोचक होते. जन्म १९३० चा, केरी परगण्यातल्या एका शेतकरी घरातला. डब्लिनला शिक्षक व्हायचं शिक्षण घेत असताना त्यांनी रेडिओची चाचणी दिली आणि १७ मार्च १९४९ ला, वयाच्या अठराव्या वर्षी, गेलिक फुटबॉलच्या सामन्याचं पहिलं समालोचन केलं. तेही आयरिश भाषेत. त्या देशात बहुतेकांच्या घरात इंग्रजीच बोललं जातं, आयरिश उरली आहे ती थोड्या भागांत. पुढे कित्येक वर्षं ते शाळेत शिकवतही होते आणि मैदानावरून बोलतही होते. २०१० मध्ये, ऐंशीव्या वर्षी, ते निवृत्त झाले आणि जून २०२४ मध्ये गेले. साठ वर्षांहून जास्त काळ त्या देशाने एका मास्तरांच्या तोंडून खेळ पाहिला. त्यांच्याबद्दल वाचताना मला आमच्या घराची आठवण झाली. थोडी माणसं बोलतात ती भाषा एखाद्या आवाजाने सामन्याच्या गर्दीत नेऊन ठेवली, तर तिला बिचारी म्हणायचं कारण उरत नाही.

दिल्लीतला नवा फळा

१९५८ मध्ये पु. ल. प्रशिक्षणासाठी लंडनला बीबीसीमध्ये गेले. त्या प्रवासाचं 'अपूर्वाई' तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. हसता हसता आपण एक गोष्ट विसरतो, की हा माणूस तिथे नोकरीच्या कामाला गेला होता. टीव्ही कसा करतात ते शिकायला. भारतात तेव्हा टीव्ही नव्हताच.

१५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत तो सुरू झाला. आजच्या चॅनेलांशी त्याची तुलनाच नको. आठवड्यातून दोन दिवस, थोडा वेळ, आणि पाहायला दिल्लीत आणि आसपास सार्वजनिक ठिकाणी ठेवलेले मोजके संच. युनेस्कोची मदत होती आणि हेतू होता लोकशिक्षणाचा. लोकांनी एकत्र बसून पाहायचं आणि नंतर त्यावर बोलायचं. १९६१ पासून तर शाळांसाठी खास पाठ सुरू झाले. म्हणजे आपल्या देशातला टीव्ही जन्मला तो वर्ग म्हणूनच. मालिका आणि जाहिराती फार नंतर आल्या.

अशा टीव्हीच्या पहिल्या निर्मात्यांमध्ये एक जुने शाळामास्तर असावेत, हे किती बरोबर होतं बघा. भारतीय टीव्हीवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेतली ती पु. लं.नीच. समोर देशाचे पंतप्रधान, यंत्रं नवी, माणसं नवी, पाहणाऱ्यांनाही काय पाहायचं ते ठाऊक नाही. अशा वेळी मुलाखत घेणाऱ्याचं काम मास्तरांसारखंच असतं. समोरच्याकडून उत्तर काढायचं, आणि ते मागच्या बाकापर्यंत पोचतंय की नाही तेही बघायचं.

पुढे पु. लं.नी सरकारी नोकरी सोडली आणि १९६१ पासून 'बटाट्याची चाळ'चे एकपात्री प्रयोग सुरू केले. आता समोर माणसं होती, जांभया दिसत होत्या आणि हसूही दिसत होतं.

आमच्या गल्लीतून गेलेलं कीर्तन

एकटा माणूस, समोर भरलेली सभा. थोडं गाणं, थोडी गोष्ट, थोडी नक्कल, मध्येच शहाणपणाची एखादी गोळी. हे आपल्याला नवीन कुठे आहे? हे तर कीर्तन.

इथे मला आमच्या कावेरीकाठाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर रामचंद्रबुवा नावाचे मराठी कीर्तनकार तंजावरला आले. त्यांचं कीर्तन ऐकून इथले कलावंत भारावले. तंजावर कृष्ण भागवतर यांनी ती मराठी पद्धत उचलली, तिला कर्नाटक संगीताची आणि तमिळची जोड दिली, आणि त्यातून आजची तमिळ हरिकथा उभी राहिली. अजूनही इथल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावं ऐकू येतात. गाणाऱ्या भागवतरांना मराठी येत नसतं, पण साकी येते!

मी लहानपणी देवळात हरिकथा ऐकली आहे. भागवतर बोलता बोलता थांबायचे, मागे बसलेल्या म्हाताऱ्यांकडे बघायचे, आणि मग पुढचं वाक्य टाकायचे. पु. लं.च्या ध्वनिफितीत जे थांबणं आहे ते तेच. मास्तर, कीर्तनकार, निवेदक. काळाप्रमाणे जागा बदलली. आधी देऊळ, मग वर्ग, मग स्टुडिओ. ऐकणाऱ्याला बरोबर घेऊन जायची रीत तीच राहिली.

शुद्ध कोणाचं?

मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, तेव्हा बर्नार्ड शॉचं 'पिग्मेलियन' अभ्यासलं. एक उच्चारशास्त्राचा मास्तर रस्त्यावर फुलं विकणाऱ्या मुलीला उच्चभ्रूंसारखं बोलायला शिकवतो, अशी त्याची गोष्ट. शॉ मूळचे डब्लिनचे, म्हणजे लंडनमध्ये त्यांचंही इंग्रजी बाहेरचंच. गंमत म्हणजे, निवेदकांनी शब्द कसे उच्चारावेत हे ठरवण्यासाठी बीबीसीने १९२६ मध्ये एक समिती नेमली, तिच्यावर हेच शॉ होते!

पु. लं.नी १९७५ मध्ये या नाटकावरून 'ती फुलराणी' केलं. फुलराणी झाल्या भक्ती बर्वे, ज्या मुंबई दूरदर्शनवर बातम्याही वाचत. मी मराठी नाटक इंग्रजीनंतर पाहिलं, तेही फोनच्या एवढ्याशा पडद्यावर, आणि मला ते जास्त लागलं.

कारण असं, की आमच्या घरात हा प्रश्न नाटकातला नाही. पुण्याला एका लग्नात मी आमच्या पद्धतीने काहीतरी विचारलं आणि दोन-तीन जण हसले. वाईट हेतूने नसतील हसले. पण त्या दिवसभर मी इंग्रजीतच बोलले. माझा चुलतभाऊ तर मराठीत बोलतच नाही. त्याचं म्हणणं सोपं आहे. तमिळ बरोबर येतं, इंग्रजी बरोबर येतं, मग चुकीचं मराठी कशाला बोलू?

एखादी भाषा घरातून जाते ती अशी जाते. कोणी बंदी घालत नाही. फक्त एक जण हसतो आणि दुसरा गप्प होतो.

म्हणून रावसाहेब माझ्यासाठी इतके महत्त्वाचे आहेत. पु. लं.नी त्यांची मराठी दुरुस्त करून सांगितली असती तर काय उरलं असतं? त्यांनी ती होती तशी ऐकली, तशी लिहिली आणि स्वतःच्या आवाजात तशीच म्हटली. सभागृह हसतं, पण रावसाहेबांच्या बोलीला कमी लेखून नाही. हसता हसता त्यांच्यावर प्रेम करायला लागतं. कानडी हेलाची ती मराठी ऐकून माझ्या आजीला वाटलं, आपलंही चालतं म्हणायचं. सत्तर वर्षांत तिला हे कोणी सांगितलं नव्हतं.

चांगले मास्तर आधी ऐकतात, मग शिकवतात. चांगला निवेदकही तसाच असतो. बोलण्याची कला म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्याच्या मुळाशी ऐकण्याचा स्वभाव असतो. पु. लं.च्या तिन्ही नोकऱ्या मला एकच वाटतात त्या यामुळे.

पन्नाशीतला विद्यार्थी

त्यांची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. पु. लं.चे आजोबा, आईचे वडील, वामन मंगेश दुभाषी यांनी टागोरांची 'गीतांजली' मराठी अभंगांत आणली होती. त्या घरातला हा नातू पन्नाशी गाठल्यावर बंगाली शिकायला बसला. घरबसल्या भागलं नाही म्हणून शांतिनिकेतनला जाऊन राहिला. 'वंगचित्रे' हे पुस्तक त्यातूनच आलं.

तोवर ते महाराष्ट्राचे लाडके झाले होते. १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार 'व्यक्ती आणि वल्ली'ला मिळाला होता, १९६६ मध्ये पद्मश्री आली होती. अशा माणसाने अ-आ पासून सुरुवात करायची, चुकायचं, लोकांना हसू द्यायचं, पुन्हा म्हणायचं. ज्याला स्वतः विद्यार्थी होता येतं, तोच खरा मास्तर. माझ्या चुलतभावाला मी हीच गोष्ट सांगितली. तो फार काही बोलला नाही, पण 'रावसाहेब'ची लिंक मात्र मागून घेतली.

तुमच्या घरातला आवाज

तुम्ही पुण्यात असा, इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला, दुबईला किंवा माझ्यासारखे आणखी कुठे. तुमच्या घरातही कोणीतरी वेगळी मराठी बोलत असेल. वऱ्हाडी, मालवणी, खानदेशी, नाहीतर कानडी-तेलुगू-गुजराती मिसळलेली. त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी थोडं सुचवते.

घरात लहान मुलं असतील तर 'नाच रे मोरा'पासून सुरुवात करा. शाळकरी मुलांना 'बिगरी ते मॅट्रिक' ऐकवा, शाळेला वैतागलेला माणूस फक्त आपणच नाही हे कळून त्यांना बरं वाटेल. 'चितळे मास्तर' सगळ्यांनी मिळून ऐका, पण रुमाल जवळ ठेवा. 'पानवाला' जेवणानंतरसाठी. पानासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात राहते म्हणून माझा त्याच्याकडे थोडा जास्त ओढा आहे, हे मान्य.

आणि मग फोन उलटा करा. म्हणजे ऐकण्यासाठी जो वापरलात, त्यानेच रेकॉर्ड करा. मी सध्या आजीच्या पाककृती रेकॉर्ड करते आहे. तिला मी एकच गोष्ट सांगितली आहे, पुण्याच्या लोकांसारखं बोलायचं नाही. ती डांगर पच्चडीपासून सुरू करते आणि तिच्या वडिलांच्या शाळेपर्यंत जाते. मध्ये दहा शब्द तमिळ येतात, दोन शब्द असे येतात की ते मी कोणत्याच पुस्तकात पाहिलेले नाहीत. मी अडवत नाही. आतापर्यंत एकवीस फिती झाल्या आहेत. कोणाला पाठवायच्या ते अजून ठरवलेलं नाही, पण त्यातल्या तीन चुलतभावाने आपणहून मागितल्या.

पु. लं.नी शाळा सोडल्याला पंचाहत्तर वर्षं होऊन गेली. त्यांचा वर्ग अजून सुटलेला नाही. त्या वर्गात प्रवेशाला अट नाही, फी नाही आणि शुद्धलेखनाची परीक्षाही नाही. या आठवड्यात घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला घेऊन तिथे एकदा बसा. ऐकून झालं की त्यांना बोलू द्या.